जुन्या इमारतीतली संस्था आणि तिचं वीजबिल : नव्या कार्यवाहांसाठी

कार्यकारी मंडळावर नवा माणूस आला की वीजबिलाचा विषय बहुधा त्याच्याच गळ्यात पडतो. संस्था वाचनालय असो, शाळा असो, धर्मादाय दवाखाना असो की नाट्यमंडळ. 'बिल वाढलंय, काहीतरी करा' एवढंच इतिवृत्तात लिहिलं जातं. मग कुणी सोलर सुचवतं, कुणी सगळ्या खिडक्यांना काचा लावून एसी बसवायला सांगतं. इमारत शंभर वर्षांची असेल तर या दोन्ही गोष्टींना सुरुवातीला हात लावू नका. ती बांधली तेव्हा वीज नव्हती, किंवा असलीच तर दिव्यापुरती. उन्हाळा आणि पावसाळा काढायची सोय तिच्या भिंतींत, ओसरीत, झडपांत केलेली आहे. नंतरच्या मंडळींनी त्यातली बरीच सोय बुजवली आणि तिच्या जागी यंत्रं आणली. म्हणून आधी काय बुजलंय ते शोधायचं आणि यंत्रांची खरेदी सगळ्यात शेवटी ठेवायची. पुढचा सगळा क्रम याच हिशोबाने लावला आहे.

आधी बिल, मग मीटर

गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि एका वहीत महिनावार फक्त युनिट लिहा. रुपये लिहू नका. दर बदलत असतात, त्यामुळे रुपयांवरून वापर वाढला की दर वाढला हे कळत नाही. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतोच, पण स्वतःच्या हाताने लिहिलं की गोष्टी डोळ्यात भरतात. मेमध्ये वापर चढणार हे उघड आहे. जानेवारीतही तो खाली आला नसेल, तर पंखे आणि एसी सोडून दुसरंच काहीतरी सतत चालू आहे.

मग बिलावरचा दराचा वर्ग पाहा. शाळा, रुग्णालयं, ग्रंथालयं आणि सार्वजनिक वाचनालयं यांच्यासाठी 'सार्वजनिक सेवा' असा वेगळा वर्ग आहे. पूर्वी कधीतरी घेतलेली जोडणी व्यापारी दराने तशीच चालू राहिलेली असू शकते. तसं असेल तर संस्थेची नोंदणी, घटना आणि जागेच्या वापराचा पुरावा जोडून वर्ग बदलण्याचा अर्ज द्या. एक दिवा न बदलता बिल उतरण्याचा हा एक मार्ग आहे, आणि तो फुकट आहे. 'मंजूर भार', म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची मुभा आहे, हा रकानाही पाहून ठेवा. पुढे दिवे-पंखे बदलून भार कमी झाला की तो कमी करून घेता येतो.

आता मीटर. सुट्टीच्या दिवशी, इमारतीत कुणी नसताना जा. मुख्य स्विच चालू ठेवा, बाकी सगळे दिवे, पंखे, एसी, पंप बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा मोजा. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेलं असतं. समजा आकडा ३२०० आहे आणि दहा मिनिटांत दिवा ४० वेळा लुकलुकला. म्हणजे सगळं बंद असताना तासाला ०.०७५ युनिट, अर्थात सतत ७५ वॅट जात आहेत. वर्षाचे झाले ६५७ युनिट. मीटर मोठा असेल तर बिलावरच्या 'गुणक अवयव' या आकड्याने गुणायला विसरू नका. यातला काही वापर रास्त असतो, जसा सीसीटीव्हीचा किंवा वाय-फायच्या डब्याचा. बाकीच्याचा छडा वीजफलकावरची एकेक एमसीबी (त्या त्या भागाची वीज तोडणारी कळ) पाडून लावा. बहुतेक ठिकाणी चोर सापडतो तो पाण्याचा कूलर. रात्रभर रिकाम्या इमारतीत तो पाणी थंड ठेवत असतो. त्याला साधा टायमर लावला की काम भागतं. एमसीबी पाडूनही लुकलुक थांबत नसेल तर वायरिंगमधून गळती आहे असं धरा आणि त्याच आठवड्यात परवानाधारक वायरमन बोलवा. मग विषय बिलाचा राहत नाही, आगीचा होतो.

संस्था सभागृह भाड्याने देत असेल तर त्याला वेगळा सबमीटर बसवा आणि वीज भाड्यातून वेगळी काढून युनिटप्रमाणे आकारा. कार्यक्रम संपल्यावर दिवे बंद करण्याबद्दल दहा पाट्या लावून जे होत नाही, ते या एका मीटरने होतं.

मग पाणी, कारण ओल वीज खाते

विजेच्या लेखात पन्हळींचं काय काम, असं वाटेल. काम आहे. ओल्या भिंतीच्या खोलीत कुबट वास येतो, पुस्तकांना बुरशी लागते, लाकूड फुगून खिडक्या अडकतात. मग खिडक्या बंदच राहतात, त्यांच्या जागी एक्झॉस्ट पंखा येतो, पुढे एसी येतो, त्याच्याही पुढे हवेतलं पाणी शोषायचं यंत्र येतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. पाणी मात्र वरच्या पन्हळीतून भिंतीत मुरतच राहतं.

मे महिन्यात, पहिल्या वळवाच्या आधी, छपरावर माणूस चढवा. कौलारू इमारतीची शाकारणी दरवर्षी झालीच पाहिजे. पन्हळी आणि पावसाळी पाइप साफ करा, त्यांचे सांधे पाहा. भिंतीत, कंगोऱ्यांवर पिंपळ-वडाचं रोप दिसलं तर ते बोटाएवढं असतानाच मुळासकट निघालं पाहिजे. नुसतं वरून छाटलं तर मूळ भिंतीत जाड होत राहतं आणि पुढे दगड ढकलतं. हे सगळं जुलैत करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

आता भिंतीकडे पाहा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत गिलावा फुगलेला, त्यावर पांढरी पूड आलेली दिसली तर भिंतीला लोणा लागला आहे. जुनी भिंत वीट किंवा दगड आणि चुन्याची असते. चुना पाणी शोषतो आणि कोरड्या दिवसांत ते हवेत सोडूनही देतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला किंवा खाली कमरेपर्यंत ऑइलपेंट मारला की पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि ते भिंतीतच वर चढू लागतं. दर दोन वर्षांनी तोच गिलावा पाडून पुन्हा सिमेंटनेच करणाऱ्या संस्था कमी नाहीत. बाधित भागावरचं सिमेंट सावकाश काढून घ्या, भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळू द्या आणि मग चुन्याचा गिलावा व चुन्याचाच रंग द्या. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो, तो महागही पडतो. तरीही पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करा असं माझं मत आहे. दगडी भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरतानाही हाच नियम, चुन्याच्या जागी सिमेंट नको.

छपराचं महत्त्व पटवायला मुंबईतलं एक ठळक उदाहरण आहे. काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय १८७० सालचं. तिथे नंतरच्या काळात सपाट काँक्रीटचा स्लॅब आला होता. अलीकडच्या जीर्णोद्धारात तो काढून मूळच्या धर्तीचं उतरतं छप्पर परत आणलं, आणि या कामाला २०२३ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कार मिळाला. एवढी ऐपत प्रत्येकाची नसते. पण ग्रंथालयात एसीच्या आधी छपराचा विचार करायचा, हा क्रम कुणालाही घेता येतो.

बुजवलेल्या झडपा उघडा

इमारतीभोवती एक फेरी मारा. आधी बाहेरून, मग आतून. बाहेरून जितकी भोकं, जाळ्या, झडपा आणि छताजवळची छोटी तावदानं दिसतात, तितकी आतून दिसतात का ते मोजा. फरक आला तर ती कपाटांमागे, प्लायवुडमागे किंवा फॉल्स सीलिंगच्या वर गेलेली आहेत. उंच छताच्या खोलीत गरम हवा वर जाते आणि छताजवळच्या या तावदानांतून बाहेर पडते. तिच्या जागी खालच्या खिडकीतून किंवा वाड्यात चौकातून गार हवा येते. वरची वाट बंद झाली की चौदा फुटी खोली आणि नऊ फुटी खोली सारखीच कोंदट.

उघडण्याचं वेळापत्रक गावाप्रमाणे वेगळं आहे, आणि इथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. पुणे, सोलापूर, नागपूरकडे उन्हाळ्यातली हवा कोरडी आणि रात्री बऱ्यापैकी उतरणारी असते. तिथे संध्याकाळी सगळं उघडायचं, रात्रभर (जाळ्या आणि गज धड असतील तर) उघडं ठेवायचं आणि ऊन चढायच्या आत झडपा मिटून घ्यायच्या. दीड-दोन फुटी भिंती रात्री गार होतात आणि दुपारपर्यंत तो गारवा धरून ठेवतात. मुंबई, रत्नागिरी, गोव्याकडे रात्र फारशी गार होत नाही आणि हवेत दमटपणा असतो. तिथे अंगावर वारा लागण्यालाच महत्त्व. म्हणून दिवसभर झडपा तिरक्या उघड्या ठेवून ऊन अडवायचं आणि वारा आत घ्यायचा. नागपूरकडचा वाळ्याचा कूलर तिथल्या उन्हाळ्यात कमी विजेत उत्तम काम करतो. तोच मुंबईत आणला तर नुसती ओल वाढते. आणि जुने कागद ठेवलेल्या खोलीत तो कुठल्याच गावात नको.

ओसरी किंवा व्हरांडा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी बंद करून तिथे एक जादा खोली काढणं, हा आपल्याकडचा सर्वांत लाडका उपद्व्याप. व्हरांडा भिंतीला सावली देतो. तो काचेने बंद केला की उन्हाने तापणारी एक पेटीच तयार होते आणि ती शेजारच्या दालनालाही तापवते. जागेची अडचण मला मान्य आहे. पण निदान पश्चिमेचा आणि दक्षिणेचा व्हरांडा सोडा. गोव्यातल्या जुन्या घरांत आणि संस्थांत शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या अजून शिल्लक असतात. त्यांतून उजेड मऊ होऊन आत येतो आणि डोळे दिपत नाहीत. 'अंधार होतो' म्हणून त्या काढून साधी काच लावली की मागोमाग पडदे येतात, आणि पडद्यांमागोमाग दिवसा दिवे.

भिंतीला ड्रिल लावण्याआधी

इथून पुढची कामं इमारतीला हात लावणारी आहेत, म्हणून परवानगीचं आधी पाहा. मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून आहे. यादीतल्या इमारतींच्या श्रेणी पहिली, दुसरी-अ, दुसरी-ब आणि तिसरी अशा असतात आणि प्रकरणं पालिकेमार्फत वारसा जतन समितीकडे जातात. पहिल्या श्रेणीत जवळपास कशालाही हात लावता येत नाही. इतर शहरांत आपल्या महापालिकेकडे वारसा यादी आहे का, त्यात आपली इमारत आहे का, हे लेखी विचारा. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असतात, तेव्हा तुमची इमारत साधी असली तरी शेजार कुणाचा आहे तेही पाहा.

यादीत नसलेल्या इमारतींना ही अडचण नाही, पण मग जबाबदारी सगळी तुमचीच. अशा वेळी एक साधा नियम ठेवा. जे काही बसवाल ते उद्या काढलं तर मागे भोकाशिवाय काही उरू नये, आणि ते भोकही दगडात न पडता सांध्यात पडावं. काढलेली मूळ वस्तू, म्हणजे पितळी कडी, रंगीत काच, जुना दिवा, भंगारात जाऊ देऊ नका. चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा.

वायरिंग, दिवे, पंखे

जुन्या लाकडी पट्टीवरची रबरी आवरणाची वायर अजून वापरात असेल तर दिवे-पंखे सोडा, आधी वायरिंग बदला. अर्थिंग तपासून घ्या आणि गळती होताच वीज तोडणारं आरसीसीबी बसवा. वायरसाठी भिंतीला खाच पाडायची नाही. लाकडी पट्टीचीच जागा धरून वरून नवी वायर नेली की कामही होतं आणि शोभाही जात नाही.

मग हिशोब मांडा. चोकवाली जुनी ट्यूब साधारण ५० वॅट घेते, त्याच उजेडाची एलईडी ट्यूब २०. साधा जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा ३०. समजा वाचन दालनात १२ ट्यूब आणि १४ पंखे आहेत, दिवसाला दहा तास चालतात. दिवे वर्षाला ३०० दिवस आणि पंखे २५० दिवस धरले तर वाचतात ते असे: दिव्यांचे १०८० युनिट आणि पंख्यांचे १५७५. युनिटला दहा रुपये धरले तर पंख्यांतून वर्षाला १५,७५० रुपये. एक पंखा तीन हजारांना धरला तर चौदांचे ४२ हजार पावणेतीन वर्षांत सुटतात. आकडे तुमच्या वहीतले घालून हीच मांडणी सभेत ठेवा. सोलरच्या रंगीत पत्रकापेक्षा सदस्यांना ती लवकर पटते.

बारकावे मात्र सांभाळा. उंच छताला पंखा टेकवून लावला तर तो वरचीच हवा ढवळतो. लांब दांडीने तो जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर आणा. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालवायचा नसतो, रेग्युलेटर मधून काढून टाकावा लागतो. मग उरतो रिमोट. सार्वजनिक जागेत रिमोट आठवडाभरात हरवतो, म्हणून एकाच कंपनीचे पंखे घ्या, दोन रिमोट ग्रंथपालांच्या टेबलाला दोरीने बांधा आणि बाकीचे कपाटात ठेवा. एलईडी घेताना जुन्या काचेच्या हंड्या, झुंबरं तशीच ठेवून आतला बल्ब तेवढा पिवळसर उजेडाचा घाला. वाचायच्या टेबलावर वेगळा दिवा असला तर छतावरचे निम्मे दिवे लागतही नाहीत. उतरवलेल्या जुन्या ट्यूब फोडू नका आणि कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका, त्यांत पारा असतो. नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे देऊन पावती घ्या.

पाण्याचा पंप हे विस्मरणातलं गिऱ्हाईक. टाकी भरून वाहत असेल तर पाणी आणि वीज दोन्ही जातात. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट बसवा.

एसी लागणारच असेल तर

अख्ख्या दालनाला एसी नको. ज्या कामाला तो खरोखर हवा ते काम सर्वांत लहान, उत्तरेच्या खोलीत न्या आणि तेवढीच खोली गार करा. इन्व्हर्टरचा, जास्त ताऱ्यांचा एसी घ्या. २०२० पासून खोलीचे एसी सुरू होताना २४ अंशांवर येतात, ते तिथेच राहू द्या. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजाने तापमान एक अंश वर ठेवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

बाहेरचं युनिट दर्शनी भिंतीवर लटकवू नका. ब्रॅकेटचे गंजके डाग दगडातून निघत नाहीत आणि टपकणारं पाणी खालच्या भिंतीत मुरतं. मागच्या बाजूला किंवा गच्चीवर युनिट ठेवा आणि पाण्याची नळी थेट गटारापर्यंत न्या.

जुनी कागदपत्रं, हस्तलिखितं, फोटो असलेल्या खोलीबद्दल वेगळं सांगायला हवं. तिथे दिवसा एसी आणि रात्री बंद, ही सर्वांत वाईट व्यवस्था. रात्री दमट हवा आत शिरते आणि गार झालेल्या कपाटांवर पाणी धरतं, कागद रोज फुगतो आणि आकसतो. चोवीस तास चालवणं परवडत नसेल तर एसी नकोच. भिंतीपासून हातभर लांब कपाटं, मागून खेळती हवा, आणि काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रता दाखवणारा काटा. तो ६५ टक्क्यांच्या वर सलग राहू लागला की बुरशीची भीती. मग तेवढ्याच खोलीत, पावसाळ्यातच, पाणी शोषणारं यंत्र चालवा.

सोलर

आता त्याची पाळी. वापर खाली आल्यावरच तो मोजून घ्या, म्हणजे लहान संच पुरतो. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि महाराष्ट्रात वर्षभराची सरासरी दिवसाला चार युनिटच्या आसपास येते. जुन्या कौलारू छपरावर पॅनेल चढवू नका. आवारात नंतर बांधलेली स्लॅबची इमारत, सायकल स्टँड, मागची गच्ची असं काही असेल तर तिथे बसवा, जिथून ते रस्त्यावरून दिसणार नाही. त्या स्लॅबवर पॅनेल येणार नसतील तर पांढऱ्या चिनी मोझाइकच्या तुकड्यांची फरशी जुनी पण चांगली युक्ती आहे. ऊन परत फेकते आणि खालची खोली निवते.

कागदावरचं काम

पर्यावरण व्यवस्थापन म्हटलं की आयएसओ १४००१ चं नाव निघतं. लहान संस्थेला त्या प्रमाणपत्राची गरज नाही, त्यामागची पद्धत मात्र घ्यावी. एक माणूस नेमा, ठरावात त्याचं नाव लिहा. एक वही ठेवा, त्यात दर महिन्याला वीज, पाणी आणि कचऱ्याची नोंद. खरेदीचा एक नियम करा की विजेवर चालणारी कोणतीही वस्तू घेताना तारे आणि वॅट दोन्ही दरपत्रकात मागायचे. ओला कचरा आवारात जिरवा, रद्दी आणि ई-कचरा वेगळा. कर्ब उत्सर्जनाचा आकडा हवाच असेल तर देशातल्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, त्याने वहीतले युनिट गुणा. खर्च मोठा होणार असेल तर महाऊर्जा या राज्य सरकारच्या ऊर्जा संस्थेच्या यादीतला ऊर्जा लेखापरीक्षक बोलवा, आणि तो येण्याआधी त्याला ही वही पाठवा. नाहीतर त्याचा पहिला दिवस तुमची बिलं शोधण्यातच जाईल.

वार्षिक सभेच्या अहवालात तुलना देताना यंदाचा मे मागच्या मेशी लावा, एप्रिलशी नाही. आणि त्या महिन्यात सभागृह किती दिवस भाड्याने गेलं होतं तेही शेजारच्या रकान्यात लिहा, म्हणजे प्रश्न विचारायला उभ्या राहणाऱ्या सभासदाला उत्तर तिथल्या तिथे दाखवता येईल.